पुनर्बांधणीक्षम ॲटमायझरमधील पोस्ट-रचना : एक तुलनात्मक चिकित्सा

सारांश

वेपिंगच्या उपकरणांची चर्चा प्रामुख्याने आरोग्य आणि कायदा या दोन अंगांनी होत आली आहे. वस्तुरचनेच्या अंगाने त्यांची चिकित्सा फारशी झालेली नाही. पुनर्बांधणीक्षम ॲटमायझरमध्ये तापणारी तार पकडून ठेवणाऱ्या धातूच्या खांबांना ‘पोस्ट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात या पोस्टच्या प्रमुख रचनांची पकड, प्रवेश, अवकाश, विद्युतरोधन आणि अर्थबोध या पाच निकषांवर तुलना केली आहे. रचनेतील प्रत्येक सुधारणेने वापरणाऱ्याची सोय वाढविली. परंतु सोय वाढली म्हणजे सुरक्षितता वाढली, असे समीकरण मांडता येत नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बीजसंज्ञा : ॲटमायझर, पोस्ट, संपर्करोध, समांतर जोडणी, वस्तुरचना, इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध अधिनियम

प्रास्ताविक

पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिक वहीत मीटर ब्रिजच्या प्रयोगाखाली ‘दक्षता’ या शीर्षकाने एक वाक्य हमखास लिहिलेले असते : सर्व जोडण्या घट्ट असाव्यात. विद्यार्थी ते पाठ करतात आणि विसरतात. या वाक्याचा खरा अर्थ घरातील विजेची जुनी शेगडी शिकविते. शेगडीची नायक्रोमची कॉइल पुष्कळदा मधोमध न तुटता टोकाशी, जेथे ती स्क्रूखाली आवळलेली असते, तेथे काळवंडते आणि तुटते. तार आणि तिला धरणारा भाग यांच्यातील संपर्क सैल झाला की उष्णता नको त्या ठिकाणी निर्माण होते. किटकॅट फ्यूजची तार बांधणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव थोड्याफार प्रमाणात असतो.

हाच प्रश्न अतिशय लहान जागेत आणि बराच मोठा विद्युतप्रवाह वाहत असताना पुनर्बांधणीक्षम ॲटमायझरमध्ये उभा राहतो. धूरविरहित सिगारेटसाठी अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९६५ मध्ये त्यांना ते मिळाले. मात्र आजच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा उगम चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांच्या २००३ च्या सुमाराच्या कामात मानला जातो. आरंभीच्या उपकरणांतील तापक भाग बंदिस्त होता. तो निकामी झाला की टाकून द्यावा लागे. पुढे काही वापरणाऱ्यांनी तार आणि कापूस स्वतःच बदलण्याची पद्धत सुरू केली आणि त्यासाठी खास बैठकी तयार होऊ लागल्या. अशा बैठकीत रिळावरची कँथल किंवा नायक्रोमची तार वेटोळी करून दोन खांबांमध्ये बसवितात. वेटोळ्यातून समईच्या वातीप्रमाणे कापूस ओवतात. केशाकर्षणाने द्रव वर चढतो आणि तारेच्या उष्णतेने त्याचे सूक्ष्म थेंबांच्या धुक्यात रूपांतर होते.

या साऱ्या मांडणीत तार कोठलीही चालते, कापूसही कोठलाही चालतो. खास त्या उपकरणासाठी घडविलेला असा भाग म्हणजे पोस्टसह बैठक. म्हणूनच अशा ॲटमायझरची चिकित्सा ही मुख्यतः पोस्टची चिकित्सा ठरते.

तुलनेचे निकष

विक्रेत्यांच्या आणि हौशी वापरणाऱ्यांच्या बोलण्यात पोस्टची तुलना ‘बांधायला सोपी’ किंवा ‘अवघड’ या दोन शब्दांत संपते. वस्तुरचनेच्या चिकित्सेला एवढे पुरेसे नाही. येथे पाच निकष योजले आहेत. पहिला निकष पकडीचा : तारेचे टोक किती पृष्ठभागावर आणि किती समान दाबाने धरले जाते. दुसरा प्रवेशाचा : टोक कोणत्या दिशेने आत जाते आणि बसविताना वेटोळे वाकडे होते की नाही. तिसरा अवकाशाचा : खांब वात आणि हवा यांच्यासाठी किती जागा सोडतात. चौथा विद्युतरोधनाचा : धन खांब उर्वरित बैठकीपासून किती विश्वासार्हपणे अलग ठेवला आहे. पाचवा निकष अर्थबोधाचा आहे. रचनेकडे पाहून तिचे कार्य आणि तिच्यातील धोका वापरणाऱ्याला कळतो का, असा तो प्रश्न आहे.

संपर्काचे गणित

या निकषांत पकडीला अग्रक्रम का द्यावा, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पूर्ण भारित लिथियम-आयन सेलचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. प्रत्येकी ०.४ ओहम रोधाची दोन वेटोळी समांतर जोडली तर परिणामी रोध ०.२ ओहम होतो. विभवांतर स्थिर धरले तर एकूण २१ अँपिअर धारा वाहते आणि ८८.२ वॅट शक्ती खर्च होते. म्हणजे प्रत्येक वेटोळ्याच्या वाट्याला ४४.१ वॅट येतात.

आता एका वेटोळ्याचे टोक सैल राहून तेथे ०.१ ओहम एवढा संपर्करोध निर्माण झाला, असे समजू. त्या शाखेचा रोध ०.५ ओहम होईल आणि तिच्यातून १०.५ ऐवजी ८.४ अँपिअर धारा वाहील. त्या वेटोळ्याला सुमारे २८ वॅटच मिळतील आणि सुमारे ७ वॅट उष्णता स्क्रूखालील बिंदूवर निर्माण होईल. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नशी तुलना केली तर एवढ्याशा जागेतील ही उष्णता किरकोळ नाही, हे ध्यानात येते. विशेष म्हणजे एकूण रोध ०.२० वरून केवळ ०.२२ ओहम होईल. मापकावर हा फरक नगण्य दिसेल. प्रत्यक्षात मात्र एक वेटोळे तिसऱ्या हिश्शाहून अधिक शक्ती गमावून बसलेले असेल. मापक जे सांगत नाही ते पोस्टच्या रचनेने घडूच देऊ नये, अशी अपेक्षा यातून निष्पन्न होते.

प्रमुख रचनांची तुलना

(अ) तीन खांबांची रचना

आरंभीच्या, थेंब टाकून वापरण्याच्या ॲटमायझरमध्ये मधोमध एक धन खांब आणि दोन बाजूंना दोन ऋण खांब अशी मांडणी रूढ होती. प्रत्येक खांबाला आडवे छिद्र असे आणि वरून येणारा स्क्रू तारेला छिद्रात दाबून धरी. दोन वेटोळी बसवायची तर दोन्हींची एकेक टोके मधल्या खांबातील सामाईक जागेत एकाच स्क्रूखाली घालावी लागत.

येथेच या रचनेचा मूळ दोष आहे. एकाच स्क्रूने दोन तारा आवळताना दाब दोन्हींवर सारखा पडेल याची शाश्वती नसते. एक टोक घट्ट बसले की दुसरे किंचित हलते. वर वर्णिलेली असमान तापण्याची अवस्था जणू या रचनेतच पेरलेली आहे. फिरत्या स्क्रूचे टोक बारीक तारेला कापून टाकते, ही दुसरी अडचण. अठ्ठावीस गेजची तार जेमतेम ०.३२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर फिरणारी धातूची कड कात्रीसारखी चालते. शिवाय मधला खांब बैठकीचा मध्य अडवून बसतो.

असे असले तरी अर्थबोधाच्या निकषावर ही रचना सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागते. मधला खांब धन आणि कडेचे ऋण, हे पाहताक्षणी कळते. कोणते टोक झाकणाच्या धातूला लागता कामा नये, हे सांगण्यास वेगळ्या सूचनेची गरज राहत नाही.

(आ) चार छिद्रांचे दोन खांब

सामाईक स्क्रूच्या दोषावर पहिला सरळ उपाय म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतंत्र स्क्रू देणे. चार खांबांच्या बैठकींनी तो केला. परंतु त्यात गर्दी झाली. २०१५ मध्ये ‘वेलॉसिटी’ या नावाने आलेल्या बैठकीने चार खांबांचे काम दोन रुंद खांबांत आणले. प्रत्येक खांबाला दोन छिद्रे आणि प्रत्येक छिद्राला बाजूने येणारा बिनडोक्याचा स्क्रू अशी तिची योजना होती. ही मांडणी इतकी अनुकरणीय ठरली की ‘वेलॉसिटी पद्धतीची बैठक’ हे एका वस्तूचे नाव न राहता जातिवाचक नाम बनले.

पकडीच्या निकषावर ही निःसंशय प्रगती आहे. एक टोक आवळताना दुसरे हलत नाही. छिद्रे मोठी असल्याने जाड आणि पिळलेल्या तारा बसू शकतात. मधला अडथळा दूर झाल्याने दोन्ही बाजूंना वेटोळ्यांसाठी व हवेसाठी मोकळी जागा मिळते. तथापि गोल छिद्रात सपाट स्क्रू तारेला एका रेषेवरच दाबतो. तार कापली जाण्याचा दोष कमी झाला, नाहीसा झाला नाही. त्या लहान स्क्रूंची षट्कोनी खाच वारंवारच्या आवळण्याने झिजते, ही दुरुस्तीच्या दृष्टीने जाणवणारी उणीव होय.

याहून महत्त्वाची हानी अर्थबोधाची आहे. दोन्ही खांब आता जुळ्या भावंडांसारखे दिसतात. धन कोणता हे तळाशी असलेल्या विद्युतरोधक चकतीकडे निरखून पाहिल्यावरच कळते. बैठकीचा उर्वरित भाग आणि बहुतेक वेळा धातूचे झाकणही ऋण बाजूस जोडलेले असते. ऋण खांबातून बाहेर आलेले टोक झाकणाला लागले तर काही बिघडत नाही. धन खांबातून आलेले टोक लागले तर थेट लघुपथन होते. दोन टोकांच्या परिणामांत एवढे अंतर असताना त्यांचे रूप मात्र एकसारखे, ही सममिती डोळ्यांना सुखावणारी असली तरी विवेकाला खटकणारी आहे.

(इ) पकडपट्टीची रचना

‘गून’ या ॲटमायझरने लोकप्रिय केलेल्या रचनेत छिद्रच नाही. खांबावर एक पट्टी असते, ती स्क्रूने खाली दाबली जाते आणि तारेचे टोक पट्टी व खांब यांच्यामध्ये धरले जाते. स्क्रू फिरतो, परंतु तारेवर फिरत नाही; तारेवर केवळ पट्टीचा सरळ दाब येतो. कापण्याचा दोष येथे प्रथमच तत्त्वतः दूर झाला. चपट्या आणि रुंद तारांना छिद्राच्या व्यासाचे बंधन उरले नाही.

पकड आणि प्रवेश या दोन्ही निकषांवर ही रचना सरस ठरते. मात्र पट्टीच्या दोन्ही अंगांना वेगवेगळ्या जाडीची टोके आली तर पट्टी तिरपी होते आणि सामाईक स्क्रूचा जुना दोष नव्या रूपाने परततो. पट्टीखालील टोक कडेने निसटण्याची शक्यताही लक्षात घ्यावी लागते.

(ई) स्क्रूच्या डोक्याखालील पकड

जर्मन बनावटीच्या ‘कायफन’ या टाकीयुक्त ॲटमायझरमध्ये उंच खांबांऐवजी बैठकीवरच बसणाऱ्या स्क्रूंच्या डोक्याखाली तार धरण्याची पद्धत प्रसिद्धीस आली. किटकॅट फ्यूजची ही जवळची नातलग. तार स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळविली तर आवळताना ती आत ओढली जाते; उलट वळविली तर बाहेर ढकलली जाते. म्हणजे येथे पकडीचा निम्मा भाग धातूत आणि निम्मा वापरणाऱ्याच्या ज्ञानात आहे. वेटोळे खाली राहते, उंची वाचते आणि झाकणाशी संपर्काचा धोका कमी होतो. एकाच वेटोळ्यापुरती, कमी शक्तीची मांडणी हे तिचे योग्य क्षेत्र आहे. जाड तारांसाठी ती घडविलेलीच नाही.

(उ) खांबरहित रचना आणि जाळी

२०१७ च्या ‘ड्रॉप’सारख्या बैठकींत खांब वर न येता बैठकीच्या उंचवट्यात उभी छिद्रे असतात. टोके वरून आत सोडायची आणि बाजूच्या स्क्रूने आवळायची. प्रवेश अत्यंत सोपा होतो. वेटोळ्याला पीळ पडत नाही. पण टोके आधीच ठराविक लांबीची कापावी लागतात. खांबांच्या रचनेत चूक शेवटी दुरुस्त करता येते : तार बसवून झाल्यावर जादा भाग छाटता येतो. खांबरहित रचनेत मोजमाप आधी आणि बसविणे नंतर. टोक आखूड पडले तर पकड अपुरी होते, लांब राहिले तर वेटोळे हवेच्या मार्गाबाहेर वर राहते. कौशल्य नाहीसे झाले असे नव्हे, ते हाताकडून मोजपट्टीकडे गेले.

२०१८ मध्ये आलेल्या ‘प्रोफाइल’सारख्या बैठकींनी तारेऐवजी धातूची जाळी दोन पट्ट्यांखाली धरली आणि खालून स्प्रिंगवर बसविलेल्या सिरॅमिकच्या तुकड्याने कापूस जाळीला भिडविला. येथे पकड रुंद आहे. परंतु जाळीचा एखादा भाग कापसापासून सुटला तर तो कोरडाच तापतो. त्यामुळे पोस्टची जबाबदारी वातीकडे सरकली, असे म्हणता येईल.

द्रव्याचा प्रश्न

रचनेइतकेच महत्त्व द्रव्याला आहे. पोस्ट सामान्यतः स्टेनलेस पोलादाचे किंवा पितळेचे, कधी तांब्याचे असतात. काहींवर सोन्याचा मुलामा असतो. पितळ पोलादापेक्षा चांगले वाहक असले, तरी यंत्रावर सहज कापले जावे म्हणून वापरल्या जाणाऱ्या पितळेत साधारणतः २ ते ४ टक्के शिसे असते. मुलामा झिजल्यावर आत काय आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ सौंदर्याचा राहत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५६ वापरणाऱ्यांची उपकरणे तपासली. बाटलीतील द्रवापेक्षा कॉइलच्या सान्निध्यात आलेल्या द्रवात आणि त्यापासून झालेल्या धुक्यात शिसे, निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे प्रमाण बरेच अधिक आढळले. त्या अभ्यासाचा रोख कॉइलवर होता, पोस्टवर नव्हता; परंतु तापलेला धातू आणि श्वास यांत अंतर किती थोडे आहे, याची जाणीव तो करून देतो.

विद्युतरोधकाचेही तसेच. धन खांबाखाली वापरले जाणारे पीक हे बहुवारिक सुमारे ३४३ अंश सेल्सिअसला वितळते, तर डेलरिनसारखे ॲसिटल सुमारे १७५ अंशांनाच. सैल संपर्कातून खांबाकडे जाणारी उष्णता आणि खांबाखालील स्वस्त चकती यांचा योग जुळला तर लघुपथनाचा मार्ग आतूनच मोकळा होतो. बाहेरून पाहता दोन्ही बैठकी एकसारख्याच दिसतात.

सोय आणि सुरक्षितता

वरील तुलनेतून एक क्रम स्पष्ट दिसतो. तीन खांबांपासून पकडपट्टीपर्यंत प्रत्येक रचनेने आधीच्या रचनेतील हाताचे कौशल्य धातूत उतरविले. सामान्यतः अशा प्रवासाला प्रगती म्हणतात आणि यांत्रिक अर्थाने ती आहेच. परंतु मोठी छिद्रे आणि रुंद पट्ट्या यांनी केवळ चुका कमी केल्या नाहीत. त्यांनी जाड तारा, कमी रोध आणि अधिक शक्ती यांना वाट करून दिली. अरुंद छिद्र ही गैरसोय होती, तशीच ती मर्यादाही होती. गैरसोय काढताना मर्यादाही निघून गेली.

याचे गांभीर्य विद्युतमंडलाचे नियंत्रण नसलेल्या, पूर्णतः यांत्रिक उपकरणांत अधिक जाणवते. तेथे सेल आणि वेटोळे यांच्यामध्ये सुरक्षेसाठी काहीच नसते. रोध किती असावा हे बांधणाराच ठरवितो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या आगी व स्फोटांच्या १९५ घटनांची आणि त्यांत जखमी झालेल्या १३३ जणांची नोंद आहे. या घटनांचा दोष पोस्टवर ठेवणे अन्यायाचे होईल. त्यांचे मूळ प्रामुख्याने सेलमध्ये आहे. पण सेलवरचा भार किती असावा, हे ठरविण्याची मुभा पोस्टची रचनाच देत असते. त्यामुळे पोस्टची चिकित्सा ‘तार किती सहज बसते’ या प्रश्नावर थांबू शकत नाही. ‘कोणती तार बसूच नये’ हाही रचनेचाच प्रश्न आहे आणि विचारात घेतलेल्या बैठकींपैकी एकीनेही तो गंभीरपणे घेतलेला दिसत नाही.

नियमनाचा परिणामही ध्यानात घ्यावा लागतो. ८ ऑगस्ट २०१६ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे नियम इलेक्ट्रॉनिक सिगारेट आणि तिचे सुटे भाग यांना लागू झाले. त्यानंतरची नवी वस्तू पूर्वपरवानगीशिवाय कायदेशीररीत्या बाजारात आणता येत नाही. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. या अधिनियमाने उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली असून उत्पादन, विक्री इत्यादींच्या बाबतीत ती संपूर्ण वस्तूबरोबरच तिच्या कोणत्याही भागालाही लागू आहे.

‘भाग’ हा शब्द येथे कळीचा आहे. पुनर्बांधणीक्षम ॲटमायझर सुटा केला तर हातात तार, कापूस, स्क्रू आणि पोस्टसह बैठक उरते. पहिल्या तिन्ही वस्तूंना इतर अनेक उपयोग आहेत : तार शेगडीत जाते, कापूस समईत. पोस्टला मात्र दुसरा उपयोग नाही. वस्तुरचनेचे विश्लेषण आणि कायद्याची परिभाषा या ठिकाणी एकमेकांना भेटतात. जप्तीच्या पंचनाम्यात ‘धातूचा लहान गोल भाग’ अशी नोंद होते की त्या भागाचे कार्य ओळखले जाते, हे अशा विश्लेषणाच्या उपलब्धतेवर अवलंबून राहील. विज्ञान आणि विधी या दोन्ही विद्याशाखांच्या अध्यापकांना हा विषय म्हणूनच परका मानता येणार नाही.

समारोप

केवळ यांत्रिक गुणवत्तेचा निवाडा करायचा तर प्रत्येक टोकाला स्वतंत्र आसन देणारी आणि तारेवर सरळ दाब टाकणारी पकडपट्टी या रचनांत श्रेष्ठ ठरते. चार छिद्रांचे दोन खांब हे त्या दिशेने टाकलेले निर्णायक पाऊल होते; खांबरहित रचना सोपी असली तरी दुरुस्तीची संधी हिरावून घेते; तीन खांबांची रचना पकडीत सर्वांत दुबळी असूनही स्वतःतील धोका उघडपणे दाखविणारी आहे. नंतरच्या रचनांनी पकड मिळविली आणि हा उघडेपणा गमावला, ही या तुलनेतून हाती येणारी मुख्य बाब होय.

एखादी वस्तू चांगली घडविलेली असणे आणि ती चांगल्या कामाची असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीची प्रशंसा करताना दुसरीचा विसर पडू नये आणि दुसरीचा निषेध करताना पहिलीचे विश्लेषण टाळले जाऊ नये. निषेधाने वस्तू कळत नाही. आणि न कळलेल्या वस्तूचे नियमन नीट होत नाही. ‘सर्व जोडण्या घट्ट असाव्यात’ ही दक्षता प्रयोगवहीत पुरेशी असते. जी जोडणी माणसाच्या ओठांपासून काही सेंटिमीटरवर तापते, तिच्या बाबतीत ती घट्ट कोणी केली, कशासाठी केली आणि तिने किती भार वाहावा हे कोणी ठरविले, हे प्रश्नही चिकित्सेला विचारावेच लागतात.